लाइट गेल्यावर काय उरते

जून २००६ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांमध्ये एक वाद पेटला. विषय होता एक्स्ट३ ही फाइल सिस्टिम. डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, तिचे नाव काय, आकार किती, मालक कोण, हा सगळा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. रेड हॅट किंवा डेबियन घेणाऱ्याच्या पदरात तेव्हा आपसूक एक्स्ट३ पडत असे. डिस्क मात्र दरवर्षी मोठ्या होत होत्या आणि ८ टेराबाइटच्या आसपास एक्स्ट३ ची मर्यादा दिसू लागली होती. आयबीएमच्या मिंगमिंग काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ओलांडण्यासाठी लागणारे बदल पुढे ठेवले. त्यामागचे मुख्य काम अ‍ॅलेक्स टोमस यांचे होते. फाइलचा एकेक ब्लॉक वेगळा नोंदवत बसण्यापेक्षा सलग ब्लॉकांचा अख्खा पट्टा एकदाच नोंदवायचा, अशी ती 'एक्स्टेंट'ची कल्पना.

कल्पनेला कोणी नावे ठेवली नाहीत. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांची हरकत वेगळी होती. एक्स्टेंट वापरून लिहिलेली डिस्क जुन्या कर्नलला वाचता येणार नव्हती. म्हणजे नाव एक्स्ट३ च राहणार, पण आतला कागद बदलणार. शिवाय ज्यांना ८ टेराबाइटशी काही देणेघेणे नव्हते, त्यांच्या रोजच्या वापरातल्या कोडमध्ये नव्या फांद्या फुटणार होत्या आणि प्रत्येक फांदीबरोबर नव्या चुकांना जागा होणार होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चालत्या गोष्टीला हात लावू नका, नवे हवे असेल तर नव्या नावाने वेगळे करा.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नव्हता. एकाच कोडच्या दोन प्रती केल्या, की एकीत सापडलेली चूक दुसरीत दुरुस्त करायची राहून जाते. नव्या प्रतीला वापरणारे मिळत नाहीत, आणि वापरणारे नाहीत म्हणून तिच्यातल्या चुका बाहेर येत नाहीत. या भांडणाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

लिनक्सने सुरुवातीला मिनिक्सची फाइल सिस्टिम उसनी घेतली होती. तिच्यात फाइलचे नाव १४ अक्षरांचे आणि डिस्क फार तर ६४ मेगाबाइटची. १९९२ मध्ये रेमी कार्ड यांनी 'एक्स्ट' आणली आणि १९९३ च्या जानेवारीत एक्स्ट२. एक्स्ट२ चपळ होती, साधी होती, पण यंत्र मध्येच बंद पडले की तिचा हिशेब अर्धवट राहायचा. फाइल लिहिताना डिस्कवर तीन-चार ठिकाणी फेरफार करावे लागतात: ब्लॉक वापरात घेतल्याची खूण, फाइलच्या नोंदीत नवा आकार, फोल्डरमध्ये नाव. दोन फेरफार झाले आणि तिसऱ्याआधी लाइट गेली, तर डिस्क स्वतःशीच विसंगत बोलू लागते. मग पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना सगळी डिस्क पहिल्यापासून तपासावी लागे. डिस्क जितकी मोठी, तितका वेळ जास्त. मोठ्या सर्व्हरवर हे काम तासन्‌तास चाले.

हे दुखणे काय होते, ते वऱ्हाडात सांगावे लागत नाही. २००५ नंतरची काही वर्षे गावांनी बारा-बारा तासांचे लोडशेडिंग काढले. झेरॉक्स आणि कॉम्प्युटरच्या दुकानात यूपीएसची बॅटरी बसलेली असे. लाइट आली की विंडोज ९८ चा निळा पडदा यायचा, यंत्र नीट बंद केले नाही म्हणून बजावायचा आणि स्कॅनडिस्क रांगायला लागायचे. उताऱ्यासाठी, अर्जासाठी आलेला माणूस बाकावर बसून राहायचा. नंतर विंडोज एक्सपीबरोबर एनटीएफएस आली आणि तो निळा पडदा क्वचित दिसू लागला. कारण एनटीएफएसकडे जर्नल होते.

लिनक्सला जर्नल दिले ते स्टीफन ट्वीडी यांनी. १९९८ मध्ये त्यांनी त्याची मांडणी निबंधात केली. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो आणि मग सवडीने खतावणीत जातो. खतावणी लिहिताना दिवा विझला तरी रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते. जर्नलचे काम नेमके तेच. होणारे फेरफार आधी जर्नलमध्ये एकगठ्ठा लिहायचे, गठ्ठा पुरा झाल्याची खूण करायची, आणि मगच मूळ जागी हात लावायचा. मध्येच यंत्र बंद पडले तर पुरे झालेले गठ्ठे पुन्हा चालवायचे, अपुरे सोडून द्यायचे. तासांचे काम सेकंदांवर येते.

ट्वीडी यांचे खरे शहाणपण मला दुसऱ्या एका निर्णयात दिसते. नवीकोरी फाइल सिस्टिम लिहिणे त्यांना शक्य होते. हान्स रायझर यांची रायझरएफएस तशीच आली आणि २००१ च्या जानेवारीत, एक्स्ट३ च्या आधी, कर्नलमध्ये पोहोचलीही. ट्वीडी यांनी एक्स्ट२ ची मांडणी जशीच्या तशी ठेवली आणि तिच्यात जर्नलची एक फाइल वाढवली. जुनी डिस्क एका आज्ञेने एक्स्ट३ होई, आणि नीट बंद केलेली एक्स्ट३ पुन्हा एक्स्ट२ म्हणून उघडता येई. नवे पटले नाही तर माघारी फिरण्याची वाट मोकळी होती. म्हणून लोकांनी भीडभाड न ठेवता ती वापरून पाहिली.

एक्स्ट३ ज्या कर्नलबरोबर अधिकृतपणे बाहेर पडली, ते २.४.१५, नोव्हेंबर २००१ चे. गंमत नव्हे, दुर्दैव म्हणावे असा प्रसंग त्याच आवृत्तीत घडला. डिस्क अनमाउंट करताना हिशेब बिघडवणारी एक चूक तिच्यात राहून गेली होती. तिचा एक्स्ट३ शी संबंध नव्हता, फाइल सिस्टिमांच्या सामायिक कोडमध्ये शेवटच्या घटकेला झालेल्या बदलातून ती आली होती. काही दिवसांत २.४.१६ काढावे लागले.

२००६ च्या वादाकडे परत येऊ. जूनच्या अखेरीस, एक्स्ट३ सांभाळणाऱ्यांपैकी एक असलेल्या थिओडोर त्सो यांनी तोडगा जाहीर केला. एक्स्ट३ जिथे आहे तिथेच राहील, तिच्यात फक्त दुरुस्त्या होतील. तिची प्रत काढून नवी फाइल सिस्टिम वाढवायची आणि ती पक्की होईपर्यंत नाव ठेवायचे 'एक्स्ट४डेव्ह'. नावातच इशारा होता, की ही अजून कारखान्यात आहे. २.६.१९ मध्ये, नोव्हेंबर २००६ ला, ती कर्नलमध्ये आली. 'डेव्ह' हे शेपूट गळून ती २.६.२८ मध्ये पक्की ठरली, तेव्हा २००८ चा नाताळ होता. मधल्या दोन वर्षांत खूप हात लागले. लस्टर या फाइल सिस्टिमवर काम करणारे अँड्रियास डिल्गर होते, काओ होत्या, आणि आयबीएमच्या बंगळुरूतल्या लिनक्स केंद्रातली माणसे होती. सुपर्णा भट्टाचार्य यांचे नाव एक्स्ट४ च्या २००७ च्या मुख्य निबंधावर आहे. अमित अरोरा यांनी फाइलसाठी जागा आधीच राखून ठेवणारा 'फॅलोकेट' हा सिस्टिम कॉल कर्नलपर्यंत नेला. अनीश कुमार यांनी ब्लॉक वाटपाच्या किचकट भागावर काम केले. एक्स्ट४ अमेरिकेत जन्मली असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

त्या दोन वर्षांत ज्या सोयी आल्या, त्यातली एक पुढे सगळ्यांच्या झोपेचा प्रश्न झाली: उशिरा वाटप. प्रोग्रॅमने डेटा लिहिला की लगेच डिस्कवर जागा ठरवायची नाही. थोडे थांबायचे, पुरेसा डेटा जमला की एकत्र सलग जागा द्यायची. वेग वाढतो, तुकडे कमी होतात. इतर फाइल सिस्टिमांत, विशेषतः एसजीआयच्या एक्सएफएसमध्ये, हे आधीपासून होते. तेव्हा ही सोय नवखी किंवा अविचारी मुळीच नव्हती.

जानेवारी २००९ मध्ये उबंटूच्या येऊ घातलेल्या ९.०४ आवृत्तीची चाचणी प्रत वापरणाऱ्या एकाचे यंत्र अडकले. पुन्हा सुरू केले, तर केडीई डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली जागेवर होत्या, नावे शाबूत होती, पण आत शून्य बाइट. तक्रारीला ३१७७८१ हा क्रमांक मिळाला आणि तिच्याखाली तसेच अनुभव जमू लागले.

आत काय घडत होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एखादा प्रोग्रॅम आपली सेटिंग बदलताना जुनी फाइल पुसत नाही. तो नवी तात्पुरती फाइल लिहितो, आणि मग तिचे नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. जुने किंवा नवे, दोहोंपैकी एक नक्की शिल्लक राहील, हा त्यामागचा भरवसा. एक्स्ट३ मध्ये तो खरा ठरायचा, कारण दर ५ सेकंदांनी जर्नलचा गठ्ठा पुरा होण्याआधी ती त्या फाइलचा डेटा डिस्कवर पोहोचवत असे. एक्स्ट४ मध्ये नाव बदलल्याची नोंद ५ सेकंदांत पक्की होई. डेटाला मात्र जागाच दिलेली नसे, तो अर्धा-एक मिनिट मेमरीत रेंगाळे. त्या फटीत यंत्र बंद पडले तर जुनी फाइल गेलेली आणि नवी रिकामी.

त्सो यांनी सविस्तर समजावून सांगितले, की नियम पाळायचा तर प्रोग्रॅमने नाव बदलण्याआधी 'एफसिंक' करून डेटा डिस्कवर गेल्याची खात्री करायला हवी. पॉसिक्स मानकात दुसरी कोणती हमी नाही. नियमाच्या भाषेत ते बरोबर होते. पण प्रोग्रॅम लिहिणारे एफसिंक का टाळत होते, यालाही कारण होते. एक्स्ट३ वर एका फाइलसाठी एफसिंक मागितले तरी जवळजवळ सगळ्या डिस्कचे थकलेले लेखन उरकावे लागे. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ वारंवार एफसिंक करू लागला, तेव्हा लिनक्सवर अख्खी खिडकी गोठते म्हणून ओरड झाली होती. एक्स्ट३ ने लोकांना एफसिंक न करण्याची सवय लावली, आणि एक्स्ट४ ने त्याच सवयीची शिक्षा केली.

त्सो यांनी पुढे जे केले, त्यासाठी मी त्यांना मोठा कारागीर मानतो. नियम आपल्या बाजूने आहे म्हणून ते अडून बसले नाहीत. नाव बदलून जुन्या फाइलवर नवी बसवली जात आहे किंवा फाइल शून्य करून पुन्हा लिहिली जात आहे, असे दिसले की एक्स्ट४ ने डेटाची जागा लगेच ठरवावी, असे बदल त्यांनी लिहिले. ते २.६.३० पासून मूळ कर्नलमध्ये आले आणि उबंटूने ९.०४ साठी आधीच उचलले. वेगाचा थोडा भाग परत द्यावा लागला. ज्यांनी एक्स्ट४ कधी मागितली नव्हती, त्या माणसांच्या फाइली वाचल्या.

त्यानंतर भरवसा बसू लागला. २०१० च्या सुरुवातीला गूगलने आपली यंत्रे एक्स्ट२ वरून एक्स्ट४ वर न्यायला घेतल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नेक्सस एस फोनबरोबर अँड्रॉइडनेही ती स्वीकारली. इथून ही गोष्ट सर्व्हरच्या खोलीतून उठून शिवारात आली.

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले अमडापूर घ्या. खरिपात सोयाबीन, तूर, कपाशी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्याच्या बाराव्या नमुन्यातली पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आली. तो बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, गट क्रमांक निवडतो, क्षेत्र भरतो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये पडून राहते आणि रेंजमध्ये आल्यावर वर चढते. त्या मधल्या वेळात ती एक्स्ट४ वर, किंवा नव्या फोनांत सॅमसंगमध्ये जन्मलेल्या एफ२एफएस या फाइल सिस्टिमवर असते. फोन हातातून निसटून बॅटरी सुटली, चार्जिंग संपून तो विझला, तरी पुन्हा सुरू केल्यावर ती नोंद असायला हवी. पीक विम्याचा दावा, अनुदान, खरेदी केंद्रावरची नोंदणी, हे सगळे त्या नोंदीला टांगलेले असते. फाइल सिस्टिमच्या कोडमधला कोणताही प्रयोग शेवटी अशा माणसाच्या खिशात उतरतो, आणि त्याच्यापर्यंत त्या प्रयोगाची बातमी कधी येत नाही.

हा भरवसा किती कष्टाने टिकतो, त्याचा पुरावा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. लिनक्सच्या २.६ मालिकेतल्या आठ वर्षांत सहा फाइल सिस्टिमांवर झालेले ५,०७९ बदल त्यांनी एकेक करून वाचले. जवळजवळ निम्मे बदल निव्वळ देखभालीचे निघाले. उरलेल्यांत सर्वांत मोठा वाटा चुका दुरुस्त करण्याचा, नव्या सोयींचा त्यामानाने लहान. वय वाढले म्हणून चुका आटत नाहीत, जुन्या फाइल सिस्टिमांतही त्या सापडतच राहतात, आणि त्यातून होणारे सर्वांत नेहमीचे नुकसान म्हणजे डेटा बिघडणे. चुका बऱ्याचदा अशा वाटांवर दबा धरून असतात, ज्या वाटा क्वचितच चालल्या जातात: मेमरी संपली, डिस्कने वाचायला नकार दिला, तेव्हाच्या वाटा.

नव्या सोयींची ओढ यामुळे थांबली नाही, थांबूही नये. ओरॅकलमध्ये क्रिस मेसन यांनी २००७ मध्ये बीटीआरएफएस सुरू केली. स्नॅपशॉट, चेकसम, एकापेक्षा जास्त डिस्क एकत्र बांधणे, सगळे तिच्यात होते. सूसेने २०१४ मध्ये ती स्वीकारली, फेडोराने २०२० मध्ये. रेड हॅटने मात्र २०१७ मध्ये आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीतून तिला निरोप देण्याचे ठरवले. डिस्क एकत्र बांधण्याच्या तिच्यातल्या 'रेड ५' आणि 'रेड ६' या प्रकारांवरचा धोक्याचा इशारा वर्षानुवर्षे हटला नाही.

आणि स्थिर म्हणवणाऱ्या गोष्टीही निर्धोक नसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओपनझेडएफएस या फाइल सिस्टिमच्या २.२.० आवृत्तीवर कॉपी केलेल्या फाइलींत शून्यांचे पट्टे सापडले. संशय नव्या 'ब्लॉक क्लोनिंग'वर गेला, २.२.१ मध्ये ती सोय बंद केली गेली, आणि मग कळले की मूळ चूक तिच्याही आधीची, कितीतरी जुनी आहे. नव्या सोयीने ती फक्त वारंवार उघडी पाडली होती. पुढच्याच महिन्यात एक्स्ट४ ची पाळी आली. कर्नलच्या ६.१ या जुन्या, सांभाळल्या जाणाऱ्या मालिकेत एक दुरुस्ती मागे नेण्यात आली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो बदल मागेच राहिला. ६.१.६४ मध्ये डेटा बिघडण्याचा धोका तयार झाला आणि डेबियनला १२.३ आवृत्ती थांबवून थेट १२.४ काढावी लागली. तिथे नवी सोय कुठेच नव्हती. हेतू स्थैर्याचाच होता.

एफसिंकच्या जुन्या दुखण्यावर एक्स्ट४ मध्येच उपाय झाला, तो डिसेंबर २०२० च्या ५.१० कर्नलमध्ये, 'फास्ट कमिट' या नावाने. तो लिहिला गूगलमधल्या हर्षद शिरवाडकर यांनी. जर्नल एरवी बदललेला अख्खा ४ किलोबाइटचा ब्लॉक लिहिते, मग बदल दहा बाइटचा का असेना. फास्ट कमिट फक्त काय बदलले तेवढेच आटोपशीर लिहिते, आणि मधून मधून नेहमीचा पुरा गठ्ठा होतोच. कोरियातल्या संशोधकांच्या २०१७ च्या एका निबंधातून ही कल्पना स्फुरली होती. मला भावते ती तिची रचना. जे काम फास्ट कमिटला पेलत नाही, तिथे ती हट्ट न धरता जुन्या पद्धतीकडे वळते. मुळात ती आपोआप चालू होत नाही, डिस्क तयार करणाऱ्याने मागितली तरच मिळते. २०२२ च्या अखेरीस एरिक बिगर्स यांनी एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरांच्या बाबतीत तिच्यातली चूक दाखवली, तेव्हा त्या फोल्डरांपुरती ती बंद करून जुन्या वाटेने काम सुरू ठेवता आले. शिरवाडकर, सौरभ कडेकोडी आणि त्सो यांचा त्यावरचा निबंध २०२४ च्या युझेनिक्स वार्षिक तांत्रिक परिषदेत आला, म्हणजे कोड कर्नलमध्ये जाऊन साडेतीन वर्षे उलटल्यावर.

केंट ओव्हरस्ट्रीट यांना इतका धीर धरवला नाही. त्यांची बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम २०१५ पासून घडत होती आणि जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये, प्रायोगिक म्हणून, दाखल झाली. कर्नलचा शिरस्ता असा: पहिले दोन आठवडे नवे बदल घ्यायचे, पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्या. जून २०२५ मध्ये, ६.१६ च्या दुरुस्त्यांच्या काळात, ओव्हरस्ट्रीट यांनी एक नवी सोय पाठवली. बिघडलेल्या डिस्कवर जर्नल मागे फिरवून जुन्या स्थितीला जाण्याची ती सोय होती. त्यांचे म्हणणे होते, की लोकांचा डेटा आत्ता अडकला आहे, त्याला आत्ताच वाट हवी. टोर्वाल्ड्स म्हणाले, ही दुरुस्ती नव्हे, ही नवी सोय आहे. त्यांनी ती घेतली, पण ६.१७ मध्ये आपल्या वाटा वेगळ्या होतील असेही सांगून टाकले.

ओव्हरस्ट्रीट यांची तळमळ खरी आहे, हे त्यांचे काम पाहणाऱ्याला नाकारता येणार नाही. तरी मी टोर्वाल्ड्स यांच्या बाजूचा आहे. अडकलेल्या दहा माणसांना वेगळा पॅच हातात देता येतो. दुरुस्त्यांच्या काळात शिरलेला न तपासलेला कोड मात्र कर्नल घेणाऱ्या प्रत्येकाकडे जातो, आणि शिरस्ता एकदा सैल झाला की पुढच्या प्रत्येकाजवळ तितकेच निकडीचे कारण असते.

६.१७ मध्ये बीकॅशएफएसवर 'बाहेरून सांभाळली जाणारी' असा शिक्का बसला आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर ६.१८ मधून तिचा कोड काढून टाकण्यात आला. तिच्यावर डेटा ठेवून बसलेल्यांना आता ते मॉड्यूल वेगळे बसवावे लागते, दर कर्नल अपडेटनंतर ते पुन्हा नीट बांधले गेले का हे पाहावे लागते, आणि नसेल तर डिस्क उघडत नाही.